दुसरी नोकरी जिथे मिळेल, ते शहर निवडा

प्रश्न : मी मूळचा जालन्याचा. इंजिनिअरिंग छत्रपती संभाजीनगरला केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. वय ३१. पत्नी २८ वर्षांची. तिनं परभणीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, लग्नाआधी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आता पुण्यात तसंच काम करते. माझी कंपनी मला कॅनडातल्या कॅलगरीच्या ऑफिसात बदलीवर पाठवायला तयार आहे. त्याच वेळी टोरांटोच्या एका कंपनीनंही नोकरी देऊ केली आहे. पगारात फार फरक नाही. कॅलगरीतला मित्र म्हणतो, इथे घर घेता येतं. टोरांटोतला म्हणतो, इथे माणसं आहेत, कामं आहेत. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, म्हणून जास्त गोंधळ होतो. कोणतं शहर निवडावं?
— एक वाचक, जालना

उत्तर : तुमच्या पत्रात पहिल्या नोकरीबद्दल सगळं आहे. पगार, ऑफिस, बदली, मित्रांची मतं, सगळं. पण ही नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळेल, हा विचार त्यात नाही, आणि माझ्या मते तुमचं उत्तर तिथेच आहे. परदेशी जाणाऱ्या माणसानं शहर निवडताना पहिली नोकरी नव्हे, दुसरी नोकरी डोळ्यांसमोर ठेवावी. पहिली नोकरी इथे बसूनच मिळालेली असते. दुसरी शोधायची वेळ येते तेव्हा डोक्यावर भाडं असतं, परवान्याची मुदत मोजलेली असते आणि घरी कोणाला सांगावंसं वाटत नाही.

आधी परवान्याचं समजून घ्या, कारण दोन्ही मित्रांनी बहुधा ते सांगितलेलं नाही. कंपनीअंतर्गत बदलीवर मिळणारं वर्क परमिट त्याच कंपनीशी बांधलेलं असतं. ‘विशेष ज्ञान’ या गटात गेलात तर असा मुक्काम सगळा मिळून जास्तीत जास्त ५ वर्षांचा. टोरांटोची कंपनी तुम्हाला बहुधा ‘ग्लोबल टॅलेंट स्ट्रीम’मधून नेईल. २०१७ साली सुरू झालेल्या या योजनेत सॉफ्टवेअरची बहुतेक पदं येतात आणि वर्क परमिट दोन आठवड्यांत देण्याचं उद्दिष्ट ठेवलेलं असतं. हेही परमिट एकाच मालकापुरतं असतं. म्हणजे दोन्हीकडे नोकरी गेली की मुदत संपेपर्यंत देशात राहता येईल, पण काम करायचं तर नवा मालक आणि त्याच्या नावानं नवा परवाना लागेल. नवा मालक असा हवा की तो कागदपत्रांचा खटाटोप करायला तयार असेल. असे मालक ज्या गावात जास्त, ते गाव तुमच्यासाठी सुरक्षित.

आता दोन्ही शहरं या एका नजरेनं बघू.

कॅलगरी हे अल्बर्टा प्रांतातलं, तेलाच्या पैशावर वाढलेलं शहर. तेलाच्या विहिरी तिथे नाहीत, पण अल्बर्टातल्या तेल कंपन्यांची मुख्य कार्यालयं तिथे आहेत. २०१४ च्या मध्यात पिंपामागे १०० डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली आला आणि त्या वर्षाअखेर कॅलगरीत बेरोजगारी १० टक्क्यांच्या पुढे गेली. शहराच्या मध्यभागातल्या ऑफिसांच्या इमारती ओस पडल्या. शेवटी महापालिकेला अनुदान देऊन त्या इमारतींची घरं करून घ्यावी लागली, आणि ते काम अजून चालू आहे. जालनेकराला हे वेगळं समजवावं लागणार नाही. एमआयडीसीतल्या भट्ट्यांना विजेचा दर परवडेनासा झाला किंवा सळईला उठाव राहिला नाही की त्याची झळ कारखान्यापुरती राहत नाही. ट्रकवाला, भंगारवाला, खानावळवाला, सगळ्यांच्या घरात ती पोचते. एका धंद्यावर उभं असलेलं गाव भरभराटीत सुंदर दिसतं.

कॅलगरीनं त्यातून धडा घेतला, हेही तितकंच खरं. गेल्या दहा वर्षांत तिथे बेनेव्हिटी, निओ फायनान्शियल, हेल्सिमसारख्या स्थानिक कंपन्या नावारूपाला आल्या. २०२१ मध्ये इन्फोसिस आणि एम्फसिस यांनी तिथे मोठ्या भरतीच्या घोषणा केल्या. ॲमेझॉननं डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या क्लाऊडसेवेचं पश्चिम कॅनडाचं केंद्र तिथे सुरू केलं. म्हणजे कॅलगरीत सॉफ्टवेअरची कामं नाहीत असं कोणी म्हणालं तर ते जुनं झालं. तरीही तिथल्या कामांचा मोठा भाग आजही ऊर्जा कंपन्यांभोवती फिरतो. तुमचं काम त्या क्षेत्रातलं असेल, म्हणजे पाइपलाइन, सेन्सर, ऊर्जेचे व्यवहार, तर कॅलगरी टोरांटोपेक्षा सरस. तुम्ही पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून ते नसावं असं धरतो.

टोरांटोची गोष्ट वेगळी, आणि तिचा उत्तम दाखला खुद्द टोरांटोत नाही, तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या वॉटर्लूमध्ये आहे. ब्लॅकबेरीचा फोन बनवणारी कंपनी तिथली. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत तिनं हजारो माणसं कमी केली. साऱ्या गावाचं पोट ज्या कंपनीवर, तीच ढासळली होती. पण वॉटर्लू ओस पडलं नाही. वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून विद्यार्थ्यांना शिक्षणादरम्यानच कंपन्यांत कामाला धाडत आलं आहे, त्यामुळे तिथे लहान-मोठ्या कंपन्यांचं जाळं आधीच विणलेलं होतं. ओपनटेक्स्ट तिथेच होती. गूगलनं २०१६ मध्ये शेजारच्या किचनरमध्ये मोठं ऑफिस उघडलं. आणि दीड-दोन तासांवर टोरांटो, जिथे देशातल्या मोठ्या बँकांचा कारभार, विमा कंपन्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी व्हेक्टर इन्स्टिट्यूट आहे. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन टोरांटो विद्यापीठातलेच. एका गावातली एक कंपनी बुडाली तरी माणूस त्याच पट्ट्यात, घर न हलवता, दुसरीकडे लागू शकतो. याला मी दुसरी नोकरी म्हणतो.

याचा अर्थ टोरांटोत नोकऱ्या पडून आहेत असा नाही. २०२५ मध्ये टोरांटो परिसरात बेरोजगारी ९ टक्क्यांच्या आसपास पोचली होती, आणि नव्यानं आलेल्या तरुणांना तिची झळ सगळ्यात जास्त लागली. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. पण जागा निघतात तरी.

आता घर. कॅलगरीच्या मित्राचा मुद्दा इथे पक्का आहे. टोरांटोच्या मध्यवर्ती भागात एका बेडरूमचं भाडं महिना २००० डॉलरच्या वर, कॅलगरीत दीड हजाराच्या आसपास. टोरांटो परिसरात घराची सरासरी किंमत १० लाख कॅनेडियन डॉलरच्या घरात, कॅलगरीत ६ लाखांच्या आसपास. घर घेताना टोरांटोचा ऑन्टारियो प्रांत जमीन-हस्तांतर कर घेतो आणि टोरांटो शहर वरून आपला वेगळा घेतं. ८ लाखांच्या घरावर दोन्ही मिळून जवळपास २५ हजार डॉलर जातात, पहिलं घर घेणाऱ्याला त्यात काही सूट मिळते. अल्बर्टात हा करच नाही. मात्र कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे पीआर, हातात येईपर्यंत घराचा विचार मनातून काढून टाका. परदेशी माणसांनी राहतं घर विकत घेण्यावर २०२३ पासून बंदी आहे आणि ती २०२७ च्या सुरुवातीपर्यंत वाढवलेली आहे. वर्क परमिटवाल्यांना काही अटींवर सवलत आहे, पण ज्याचा मुक्काम मालकाच्या मर्जीवर आहे त्यानं तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊ नये.

भाड्याबद्दल एक बारीक गोष्ट मित्र सांगत नाहीत. ऑन्टारियोत सरकार दरवर्षी भाडेवाढीची मर्यादा ठरवतं. २०२५ साठी ती २.५ टक्के होती, २०२६ साठी २.१ टक्के. पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना ही मर्यादा लागू नाही. टोरांटोत नव्या काचेच्या टॉवरमध्ये घर घेतलंत तर मालक वर्षाकाठी भाडं कितीही वाढवू शकतो. जुन्या इमारतीत घेतलंत तर नाही. म्हणून टोरांटोत घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर बघण्याआधी इमारतीचं वर्ष विचारा. अल्बर्टात अशी मर्यादाच नाही, वर्षातून एकदाच भाडं वाढवता येतं एवढंच बंधन. आज स्वस्त असलेलं कॅलगरी लोंढा आला की कसं महागतं, ते २०२२ नंतर तिथल्या भाडेकरूंनी अनुभवलं आहे.

‘अल्बर्टात कर कमी’ हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. लाखभर डॉलरच्या पगारावर आयकरात दोन्ही प्रांतांत सांगण्यासारखा फरक पडत नाही. फरक दुकानात पडतो : अल्बर्टात विक्रीकर ५ टक्के, ऑन्टारियोत १३ टक्के. धान्य, भाजी, दूध यांवर दोन्हीकडे कर नाही. गाडी, फर्निचर, फोन, हॉटेल यांवर मात्र तो जाणवतो. संसार मांडायच्या पहिल्या वर्षी जास्तच.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. दोन्हीकडे ती तुम्हाला नवीच असणार. टोरांटोची हवा ओलसर आणि हिवाळा राखाडी. कॅलगरीत पारा मधूनच उणे ३० पर्यंत जातो, पण ऊन भरपूर, आणि डोंगरावरून ‘चिनूक’ नावाचा कोरडा वारा सुटला की एका दिवसात बर्फ वितळायला लागतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला कॅलगरी कदाचित जास्त मानवेल.

घरच्यांशी बोलण्याच्या वेळेचा मात्र जरूर विचार करा. हिवाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, कॅलगरी साडेबारा तास मागे. टोरांटोत सकाळी कामाला निघण्याआधी, आठ वाजता फोन केला तर जालन्यात संध्याकाळचे साडेसहा असतात, आई-वडील जागे, निवांत. कॅलगरीत सकाळी आठला केला तर इथे रात्रीचे साडेआठ, तेही चालतं. पण दवाखान्याची धावपळ, सही, बँक, असं दिवसाउजेडी करायचं काम निघालं की कॅलगरीचा माणूस रात्र जागवतो. अचानक यावं लागलं तर टोरांटोहून दिल्लीला थेट विमान आहे. कॅलगरीहून वाटेत बदलावं लागतं. घरात वडीलधाऱ्यांची प्रकृती नाजूक असेल तर हा मुद्दा घरभाड्याच्याही वर ठेवा.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या माणसाकडे येतो. तुम्ही तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि पुढे तिचा उल्लेख केला नाहीत. तुमच्या पत्नीनं परभणीला शिकून जालन्याच्या बियाणे कंपनीत काम केलं आहे. जालना बियाण्यांसाठी देशात का ओळखलं जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे : बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि त्या कामाभोवती इथे बियाण्यांच्या कंपन्यांचं, तंत्रज्ञांचं एक गावच उभं राहिलं. त्या गावातून तयार झालेलं हे शिक्षण आणि अनुभव कॅनडात वाया जाता कामा नये. आणि कॅनडा हा बियाण्यांच्या संशोधनात मोठा देश आहे. कॅनोला हे तेलबियांचं पीक तिथल्याच शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तयार केलं.

तिचं काम कुठे आहे? टोरांटो आणि वॉटर्लू यांच्या दरम्यान, वॉटर्लूच्या जवळ, ग्वेल्फ नावाचं गाव आहे. तिथलं कृषी महाविद्यालय १८७४ पासूनचं आणि आजचं ग्वेल्फ विद्यापीठ शेती, पीक आणि अन्नशास्त्रासाठी साऱ्या देशात नावाजलेलं. त्याच्या आसपास बियाणं, पीकसंरक्षण, अन्नतपासणी यांच्या प्रयोगशाळा आहेत. अल्बर्टातही शेती संशोधन आहे, पण सरकारी केंद्र लेथब्रिजला, कॅलगरीपासून दोनशे किलोमीटरवर. कॅनडातलं बियाण्यांचं खरं माहेरघर म्हणावं असं शहर सॅस्कटून, तेही तिसऱ्याच प्रांतात. म्हणजे कॅलगरीत राहिलात तर तिला रोज जाता येईल अशा अंतरावर या कामाच्या जागा फार कमी.

तुमच्या वर्क परमिटवर तिलाही कोणत्याही मालकाकडे काम करायचा परवाना मिळू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये हा नियम कडक झाला. आता उच्च कौशल्याच्या पदांवरच्या आणि परमिटची किमान १६ महिने मुदत शिल्लक असलेल्या माणसाच्या जोडीदारालाच तो मिळतो. सॉफ्टवेअर अभियंता त्या गटात बसतो. म्हणून परमिट घेताना मुदत किती, हे कंपनीला आधीच विचारा. एक वर्षाचं परमिट देऊ केलं तर ते घेऊ नका.

आणि पीआरचा अर्ज कोणाच्या नावानं करायचा, हे दोघं मिळून ठरवा. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआर देण्याच्या गुणांवर चालणाऱ्या योजनेत, जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे जास्तीत जास्त १०० गुण २० ते २९ या वयात मिळतात. तुमचे आत्ताच ९० झालेत आणि दरवर्षी ५ कमी होत जातील. तुमच्या पत्नीचे पूर्ण १०० आहेत, शिवाय तिच्याकडे पदव्युत्तर पदवी आहे. दोघांचे गुण दोन्ही प्रकारे मोजून बघा. बहुतेक घरांत नवऱ्याचं नाव पहिलं लिहायचं ही सवय असते आणि त्या सवयीपायी गुण जातात. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण मिळणं बंद झालं आहे, त्यामुळे प्रत्येक गुणाला जास्तच मोल आलं आहे. त्या वर्षी कॅनडातल्या अनुभवावर बोलावण्याच्या फेऱ्यांत सीमारेषा ५०० च्या वर राहिली. फ्रेंच येणाऱ्यांच्या फेऱ्यांत ती बहुतेक वेळा ४५० च्या आत होती. पुण्यात आहात तोवर दोघांपैकी एकानं फ्रेंचचा वर्ग लावला तर ते वर्ष वाया जाणार नाही.

कॅलगरीच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा उरतो आणि तो मी लपवणार नाही. अल्बर्टा प्रांत तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कामगारांसाठी वेगळी जलद योजना चालवतो, आणि प्रांतानं नामांकन दिलं की एकदम ६०० गुण मिळतात, म्हणजे पीआर जवळपास हातात. पण नामांकन घेताना त्या प्रांतातच राहण्याचा खरा इरादा आहे असं सांगावं लागतं. पीआर मिळाल्यावर देशात कुठेही राहायचा आणि काम करायचा हक्क कॅनडाच्या १९८२ च्या हक्कसनदेनंच दिला आहे. तरी जिथे राहायचं नाही तिथे राहणार असं लिहून देऊ नये. तुम्हाला कॅलगरीत खरंच राहायचं असेल तरच ही वाट धरा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. टोरांटोची नोकरी घ्या, पण टोरांटोत राहू नका. किचनर किंवा ग्वेल्फमध्ये घर बघा. तिथून टोरांटोच्या मुख्य स्थानकापर्यंत ‘गो’ रेल्वे जाते. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसात जायचं असेल तर हा प्रवास झेपतो. रोज जायचं असेल तर झेपणार नाही, मग मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टन. ऑफिसात किती दिवस यायचं ते नोकरीच्या पत्रातच लिहून घ्या, मुलाखतीतल्या तोंडी शब्दावर घर घेऊ नका. आणि निघण्याआधी जालन्याच्या आरटीओतून तुमच्या लायसन्सच्या अनुभवाचा दाखला इंग्रजीत घेऊन ठेवा. ऑन्टारियोत पूर्ण लायसन्सपर्यंत पोचायला नव्या माणसाला टप्पे आणि थांबण्याचा काळ असतो, त्यात हा कागद तुमचे बरेच महिने वाचवेल.

प्रश्न : कॅनडा माणसांना परीक्षेसारखे गुण का देतो? हे कधीपासून सुरू झालं?
— एक वाचक, परतूर

उत्तर : गुण आले ते पूर्वी जे होतं त्यापेक्षा चांगलं म्हणून. १९०८ मध्ये कॅनडानं असा नियम केला की आपल्या देशातून निघून वाटेत कुठे न थांबता सरळ येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तशी सलग बोट नव्हतीच, त्यामुळे नाव न घेता हिंदी माणसाला दार बंद झालं. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूवरच्या बंदरात पोचली. बहुतेक शीख, काही मुसलमान आणि हिंदू. दोन महिने ती बंदरात अडवून ठेवली आणि मोजक्या २४ जणांना उतरू देऊन परत पाठवली. कलकत्त्याजवळ बजबज इथे ती परतली तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली ती २०१६ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये दोन सरकारांत करार झाला आणि भारतातून वर्षाला १५० माणसं घ्यायचं ठरलं. पुढे तो आकडा ३०० झाला. साऱ्या देशातून तीनशे! १९६२ मध्ये वंशाची अट निघाली आणि १९६७ मध्ये गुणांची पद्धत आली. शिक्षण, वय, भाषा, कौशल्य यांना गुण आणि शंभरात ५० मिळाले की प्रवेश. साठ-सत्तरच्या दशकांत जे मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले आणि ज्यांनी टोरांटोत मराठी मंडळ उभं केलं, त्यांच्यासाठी हे दार याच बदलानं उघडलं. आजची एक्स्प्रेस एंट्री २०१५ पासूनची, तिच्यात १२०० पैकी गुण मोजतात. त्यात ठरलेली उत्तीर्णरेषा नाही. त्या फेरीत तुमच्या पुढे किती जण आहेत त्यावर सगळं अवलंबून, आणि ज्येष्ठांचं ऐकून आजचा अंदाज बांधणाऱ्या मुलांचं नेमकं इथेच चुकतं. शिवाय जागाही कमी झाल्या आहेत. २०२५ साठी आधी ५ लाख पीआर देण्याची योजना होती, ती ३ लाख ९५ हजारांवर आणली गेली आणि २०२६ साठी ३ लाख ८० हजार.

प्रश्न : मुलगा कॅनडाला कायमचा गेला तर इथल्या मोसंबीच्या बागेचं काय? सातबाऱ्यावर त्याचं नाव राहतं का?
— एक शेतकरी वाचक, घनसावंगी

उत्तर : नाव राहतं. पीआर मिळाली तरी तो भारताचा नागरिकच असतो. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला आपली शेतजमीन ठेवता येते आणि वारसानं आलेली घेता येते. विकत मात्र घेता येत नाही. पुढे त्यानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग तो ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं, कार्ड काढेल. तेव्हाही वारसाहक्क राहतो आणि शेतजमीन खरेदी करण्याची बंदीही राहते. जमीन विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणून शेजारचा तुकडा घ्यायचा विचार असेल तर तो त्याच्या नावावर नको, तुमच्या नावावर घ्या.

वाटणी, फेरफार, कर्ज, सह्या यांसाठी मुखत्यारपत्र लागेल. तिकडे ते भारताच्या वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घ्यायचं. टोरांटोत असा दूतावास आहे, कॅलगरीचा कारभार व्हँकूवरकडे जातो. कागद महाराष्ट्रात आल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पुष्कळ कुटुंबं हे विसरतात आणि तलाठ्याकडे गेल्यावर अडतात. मुलाचं बँक खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात बदलून घ्यायचं, तेही त्यानं जाण्याआधीच्या महिन्यातच करा.

प्रश्न : संभाजीनगरच्या एका एजंटानं कॅनडाची पक्की नोकरी आणि परमिट मिळवून देतो म्हणून काही लाख मागितले आहेत. द्यावेत का?
— एक पालक, मंठा

उत्तर : देऊ नका. नोकरी विकणं हा कॅनडात गुन्हा आहे. परदेशी कामगार आणायला मालकाला सरकारकडे अर्ज करावा लागतो, त्याचं १००० डॉलर शुल्क मालकानंच भरायचं असतं आणि ते कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. पीआरसाठी सरकार स्वतः २०२५ मध्ये घेत होतं ते एका प्रौढ माणसामागे १५२५ डॉलर. बाकीचा आकडा कशाचा, ते लेखी मागा.

कॅनडात सल्लागारांची नोंदणी करणारं सरकारमान्य नियामक मंडळ आहे, ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’. त्याची यादी कोणालाही फुकट बघता येते. पैसे घेऊन अर्जाचं काम करणारा माणूस त्या यादीत किंवा कॅनडातल्या वकिलांच्या यादीत असलाच पाहिजे. संभाजीनगरच्या ऑफिसाचा फलक, भिंतीवरचे फोटो, गेलेल्या मुलांची पत्रं यांतून काही सिद्ध होत नाही. नाव यादीत नसेल तर उठून घरी या. आणि शेत गहाण टाकून पैसा उभा करायचा विचार घरात सुरू झाला असेल, तर तो आजच थांबवा.